कापड दाखवण्याची विद्या: तगरपासून संगणकापर्यंत

खोलीची सजावट प्रत्यक्ष सुरू होण्याआधी ती कशी दिसेल हे संगणकावर तयार केलेल्या चित्रातून घरमालकाला दाखवण्याची पद्धत आता मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांतही रुळली आहे. व्यवसायात ज्याला ‘रेंडर’ किंवा ‘थ्रीडी व्ह्यू’ म्हणतात त्या चित्रात भिंत, फरशी आणि काच फारसा प्रयास न पडता खरी वाटते. सोफ्याचे, गादीचे आणि पडद्याचे कापड मात्र चित्राचा खोटेपणा उघडा पाडते. भिंतीवर पडलेला प्रकाश एका सलग पृष्ठावरून परततो, तर कापडावर पडलेला प्रकाश हजारो उभ्या-आडव्या धाग्यांच्या वर-खाली होणाऱ्या वळणांवर विखुरतो, काही प्रमाणात धाग्यांच्या आत शिरतो आणि बाहेर आलेल्या बारीक तंतूंवर रेंगाळतो, म्हणूनच एकाच रंगाचे सुती, लोकरी आणि रेशमी कापड डोळ्याला क्षणात वेगळे ओळखू येते. ही ओळख कापड हाती नसताना कशी करून द्यायची, हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. धाराशिव जिल्हा आणि त्याचा शेजार एवढा एकच टापू घेतला तरी या प्रश्नाचा जवळजवळ दोन हजार वर्षांचा इतिहास सलग वाचता येतो, आणि त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा स्पष्ट होते: ज्याला कापडाची वीण कळली, त्यालाच ते दाखवता आले.

या इतिहासाचा आरंभ तेरणा नदीकाठच्या तेर या गावी होतो. इ.स.च्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या सागरी मार्गदर्शिकेत दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठा नोंदल्या आहेत. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवरचे पैठण ही त्यांतील पहिली, आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या अंतरावरचे तगर ही दुसरी. तगर म्हणजे नेमके कोणते गाव याविषयी एकोणिसाव्या शतकात बराच वाद होता. कोणी देवगिरीचे, तर कोणी जुन्नरचे नाव पुढे केले होते. जे. एफ. फ्लीट यांनी 1901 साली तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले आणि पुढे 1958 साली बा. ना. चापेकर यांनी केलेल्या उत्खननासह निरनिराळ्या संशोधनांतून सातवाहनकालीन समृद्ध वस्तीचे अवशेष मिळत गेल्यामुळे ते मत स्थिरावले. शिलाहार राजे आपल्या बिरुदावलीत स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवीत, यावरून या नगराची प्रतिष्ठा त्याच्या व्यापारी वैभवानंतरही किती शतके टिकली होती याची कल्पना येते.

पेरिप्लसच्या नोंदीनुसार पैठणहून अकीक, तर तगरहून कापड बैलगाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचला जाई. या कापडाचे जे प्रकार तिथे दिले आहेत ते लक्ष देऊन पाहण्यासारखे आहेत: पुष्कळसे साधे जाडेभरडे कापड, नाना तऱ्हेची तलम वस्त्रे, आणि एक विशिष्ट वस्त्र, जे रंगावरून ओळखले जाई की तंतूवरून याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. माल डोळ्यांपुढे नसताना, केवळ यादी वाचून सौदा करणाऱ्या माणसाला कापड समजावे म्हणून ही वर्गवारी प्रामुख्याने पोतावर बेतलेली आहे, आणि या अर्थाने तगरचे कापड ‘दाखवण्याचा’ उपलब्ध असलेला सर्वांत जुना प्रयत्न शब्दांतला आहे.

ते कापड स्वतः टिकले नाही. तेरणेच्या खोऱ्यातील काळी माती कपाशीला जितकी मानवते तितकीच कापडाला ती घातक असते, कारण पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यात पुरलेला वनस्पतिजन्य तंतू कुजून जातो. लाल समुद्राच्या किनाऱ्यावरील बेरेनिके या इजिप्तमधील बंदरात मात्र कोरड्या वाळूमुळे भारतीय सुती कापडाचे तुकडे शिल्लक राहिले असून, ते भारतीय आहेत हे ठरवताना सुताच्या पिळाची दिशा हा एक महत्त्वाचा पुरावा मानला जातो. भारतीय सूत बहुधा रोमन लिपीतील ‘झेड’ अक्षराच्या तिरप्या रेषेप्रमाणे पिळलेले असे, तर इजिप्तमधील स्थानिक सुताचा पीळ उलट असे. हे तुकडे तगरचेच होते असे म्हणण्यास आधार नाही. परंतु धाग्याचा पीळ ही इतकी सूक्ष्म बाब कापडाची जन्मभूमी सांगू शकते, हे ध्यानात ठेवावे, कारण हाच पीळ पुढे संगणकतज्ज्ञांनाही विचारात घ्यावा लागला.

कापड गेले, पण त्याच्या प्रतिमा उरल्या. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात केओलिन या पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत घडवलेल्या मूर्ती आहेत आणि पॉम्पेई येथे 1938 साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही आहे. अशा लहान आकाराच्या कामात मण्यांच्या माळा आणि कंबरपट्टे उठावदार कोरता येतात; तलम वस्त्र मात्र काठाच्या एखाद्या रेषेने किंवा दोन-चार चुण्यांनी सुचवावे लागते. प्राचीन भारतीय शिल्पकाराने ही मर्यादा फार समजूतदारपणे वापरली. वस्त्र जितके तलम, तितक्या त्यावरील रेषा कमी आणि आतील शरीराची ठेवण अधिक स्पष्ट, हा त्याचा संकेत होता, आणि विरळ विणीतून प्रकाश आरपार जातो या निरीक्षणावर तो उभा होता.

याच कामात अजिंठ्याच्या चित्रकारांनी, विशेषतः पाचव्या शतकातील वाकाटककालीन लेण्यांत, जी प्रगती केली तिचा उल्लेख टाळता येत नाही. तेथील पट्ट्यापट्ट्यांची अधोवस्त्रे पाहिली असता असे दिसते की पट्टे सपाट ओढलेले नसून मांडीच्या व पोटरीच्या गोलाईबरोबर वळतात, गुडघ्याशी जवळ येतात आणि पुन्हा फाकतात. आसनांवरील तक्क्यांवरही नक्षी फुगवट्याला धरून जाते. नक्षी ही वस्तूच्या आकाराला बांधलेली असते हे तत्त्व आज संगणकावर सोफा रंगवणाऱ्याला पहिल्याच धड्यात शिकावे लागते. याच्या उलट दिशा विजापूरच्या दरबारी लघुचित्रांत दिसते. नळदुर्गच्या किल्ल्यात 1613 साली पाणीमहाल बांधून घेणाऱ्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत दख्खनी चित्रकला बहरली, आणि तिच्यात गालिचा बहुधा वरून पाहिल्यासारखा सपाट, त्याची नक्षी जराही न आक्रसता रेखलेली असते. ही चूक मानणे अन्यायाचे ठरेल. गालिच्याची नक्षी विणकराने जशी बसवली तशीच अखंड दाखवावी, खोलीच्या खोलपणासाठी ती मोडू नये, असा त्या चित्रकाराचा आग्रह होता. आजच्या संगणकचित्रात मात्र सपाट राहिलेली नक्षी हा दोषच ठरतो, कारण तिथे कॅमेऱ्याचा डोळा गृहीत धरलेला असतो.

फर्निचर आणि कापड यांचे नाते या भागात दीर्घकाळ वेगळ्या स्वरूपाचे होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून, आत भरण घालून, खिळ्यांनी कायमचे बसवण्याची रीत ही युरोपीय सोफ्याबरोबर आलेली आणि पुष्कळ उशिरा सर्वसामान्य घरांत शिरलेली गोष्ट आहे. त्यापूर्वीच्या वाड्यांत बैठक म्हणजे जाजम किंवा सतरंजी, तीवर गादी, पाठीशी लोड आणि बाजूला तक्के अशी मांडणी असे. शेतकऱ्याच्या घरी सुंभाने विणलेली बाज आणि तीवर वाकळ किंवा घोंगडी असे. कापड हे लाकडाला जखडलेले नसून त्यावर अंथरलेले असे, ते रोज काढले, झटकले, उन्हात घातले आणि पुन्हा घातले जाई, त्यामुळे त्याची घडी, त्याचा लोंबणारा काठ आणि बसलेल्या माणसाच्या वजनाने पडलेला खळगा हे सारे त्याच्या दिसण्याचा भाग होते.

अंथरलेल्या वस्त्राची ही प्रतिष्ठा तुळजापूरला सर्वोच्च रूपात दिसते. तुळजाभवानीची मूर्ती चल, म्हणजे सिंहासनावरून हलवता येणारी आहे, आणि वर्षातून तीन वेळा, शारदीय नवरात्रापूर्वी, दसऱ्यानंतर आणि शाकंभरी नवरात्रापूर्वी, ती शेजघरातील पलंगावर निद्रिस्त करण्यात येते. या विधीला मंचकी निद्रा म्हणतात. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतरच्या निद्रेला श्रमनिद्रा असे नाव असून ती कोजागरी पौर्णिमेपर्यंत चालते. या निद्रेसाठीचा पलंग दरवर्षी अहिल्यानगरहून, तर पालखी बुऱ्हाणनगरहून येते, आणि त्यांच्या वाटेवर भाविक ठिकठिकाणी दर्शनासाठी थांबतात. एखाद्या लाकडी पलंगाला आणि त्यावरील गादीला संपूर्ण प्रदेशाच्या धार्मिक दिनक्रमात इतके मध्यवर्ती स्थान असल्याची उदाहरणे महाराष्ट्रात थोडीच सापडतील.

कापडाच्या प्रतिमेच्या इतिहासातील निर्णायक वळण तुळजापूरपासून फार दूर नसलेल्या सोलापुरात भेटते. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही, पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली कापड गिरणी 1870 च्या दशकात उभी राहिली, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागाचा आणि पुढे यंत्रमागाचा धंदा वाढवला, आणि जॅकार्ड यंत्रावर विणलेली सोलापुरी चादर देशभर गेली. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जॅकार्ड हे फ्रान्समधील जोझेफ मारी जॅकार यांनी 1804 च्या सुमारास सिद्ध केलेले यंत्र असून, त्यात छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांनुसार मागावरील कोणते उभे धागे उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे हे ठरते. मोरपंखाची नक्षी चादरीवर यावयाची असेल तर नक्षीकार ती आधी चौकटींच्या ग्राफ कागदावर उतरवतो. त्या कागदावरील प्रत्येक चौकट म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची भेट, आणि चौकट रंगवलेली आहे की कोरी, यावर त्या ठिकाणी कोणता धागा वर येणार हे अवलंबून. ग्राफवरून पत्ते पाडले जातात आणि पत्त्यांवरून कापड उतरते. चित्राचे चौकटींत विभाजन करून प्रत्येक चौकटीला एक ठाम उत्तर देण्याची ही रीत संगणकाच्या पडद्यावरील चित्रबिंदूंच्या रचनेशी मिळतीजुळती आहे, परंतु एक फरक फार मोलाचा आहे: संगणकाचा चित्रबिंदू केवळ रंग सांगतो, नक्षीकाराची चौकट मात्र कोणता धागा कोणावरून गेला हे सांगते. संगणकाला ही दुसरी माहिती पुन्हा मिळवण्यासाठी बरीच वर्षे खर्ची घालावी लागली.

संगणकचित्रणात या प्रवासाची सुरुवात 1974 साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात झाली, जेव्हा एडविन कॅटमल यांनी आपल्या प्रबंधात सपाट चित्र वक्र पृष्ठावर गुंडाळण्याची पद्धत मांडली. तिला ‘टेक्श्चर मॅपिंग’ म्हणतात. मराठीत तिला पोत-आरोपण म्हणता येईल. या पद्धतीने कापडाचा फोटो सोफ्यावर चढवता येऊ लागला, पण तो चिकटवलेल्या कागदासारखा दिसे. जेम्स ब्लिन यांनी 1978 साली पृष्ठाचा आकार प्रत्यक्ष न बदलता, केवळ प्रकाशाच्या गणितात बदल करून, उंचसखलपणाचा भास निर्माण करण्याची युक्ती दिली. 1986 साली जेरी वाइल यांनी काही बिंदूंवर टांगलेले कापड कसे झुलते व त्याला घड्या कशा पडतात याचे गणित मांडले. ही सर्व प्रगती खरी असली तरी तिच्यात कापड म्हणजे अजून एक पातळ पत्राच होता.

धाग्यापर्यंत पोहोचण्याचे काम 1990 च्या दशकात सुरू झाले. 1992 साली वेस्टिन, आर्वो आणि टॉरन्स यांनी पृष्ठाच्या सूक्ष्म रचनेवरून ते प्रकाश कसे परतवेल हे मोजण्याची रीत दाखवली आणि विणलेले कापड हे तिचे एक उदाहरण म्हणून घेतले. 1999 साली कोलंबिया आणि उट्रेख्त विद्यापीठांतील संशोधकांनी साठहून अधिक खऱ्या पदार्थांचे, प्रत्येकी दोनशेहून अधिक वेगवेगळ्या प्रकाश-कोनांतून व दृष्टिकोनांतून, फोटो घेऊन संग्रह केला, कारण कापडासारख्या पदार्थाचा पोत हा पाहणाऱ्याच्या जागेबरोबर बदलतो हे त्यांना सिद्ध करायचे होते. 2011 साली कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी कापडाचे लहान तुकडे क्ष-किरणांच्या सूक्ष्म सीटी स्कॅनखाली ठेवून त्यांतील तंतूंची त्रिमितीय मांडणी मिळवली, आणि 2012 साली इरावन व मार्शनर यांनी विणलेल्या कापडाच्या चमकेचे जे गणित प्रसिद्ध केले त्यात विणीच्या नमुन्याबरोबर सुताच्या पिळालाही स्थान होते. त्याच वर्षी डिस्ने स्टुडिओच्या ब्रेंट बर्ली यांनी चित्रपटांसाठी मांडलेल्या प्रकाश-नियमांत ‘शीन’ नावाचा, मुख्यतः कापडासाठीचा घटक होता. तिरप्या कोनातून पाहताना कापडाच्या कडांवर लवेमुळे जी फिकट आभा दिसते ती त्याने साधते, आणि आज घरसजावटीच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये ती एका आकड्याने कमी-जास्त करता येते.

एवढी साधने हाती असूनही रेंडरमधील सोफा निर्जीव दिसतो, तेव्हा त्याचे कारण बहुधा विणकामाच्या किंवा शिवणकामाच्या अज्ञानात असते. पहिली चूक मापाची: कापडाचा जो चौरस फोटो पुनःपुन्हा लावायचा, तो प्रत्यक्षात किती सेंटिमीटरचा आहे हे न पाहिल्यामुळे चादरीवरचा हातभर मोरपंख उशीवर छापील बुट्टीएवढा होतो, किंवा साध्या सुती कापडाचे धागे सुंभासारखे जाड दिसतात. दुसरी दिशेची: सोफा शिवणारा कारागीर पाठ, बैठक आणि हात यांसाठी कापडाचे वेगवेगळे तुकडे, उभा धागा सांभाळून बेततो आणि शिवणीवर पाइपिंग घालतो, तर संगणकावर पुष्कळदा सगळ्या सोफ्यावर एकच अखंड कापड ओतलेले असते. तिसरी सावलीची: कापडाचा फोटो तिरप्या उन्हात घेतला असेल तर त्यातील धाग्यांच्या सावल्या चित्रात कायमच्या उतरतात आणि खोलीतील दिव्याची सावली त्यांच्या विरुद्ध दिशेला पडून डोळा गोंधळतो, म्हणून असा फोटो सपाट, सम प्रकाशात घ्यावा लागतो.

या भागातील वस्त्रे हाताळू लागले की प्रत्येक वस्त्र स्वतंत्र उपचार मागते, आणि तयार संग्रहांतील लिनन व मखमलीवर भागवणाऱ्या सजावटकारांनी या वस्त्रांकडे वळणे अगत्याचे आहे. छत्रपती संभाजीनगरची हिमरू घ्यावी. तिच्यात सुती ताण्यावर रेशमी बाण्याने नक्षी भरलेली असते, म्हणून जमीन आणि बुट्टी यांची चमक वेगळ्या दिशांना धावते; पाहणारा सरकला की बुट्टी उजळते आणि जमीन मंदावते. एकच चमक सगळ्या कापडाला दिली तर हिमरू छापील कापड होऊन बसते. सोलापुरी चादरीची पुढील व मागील बाजू रंगांची अदलाबदल करतात, तेव्हा पलंगाच्या कडेला ती दुमडलेली दाखवायची असेल तर दोन्ही बाजू स्वतंत्र द्याव्या लागतात.

घोंगडीचे काम याहून अवघड. दख्खनी मेंढीच्या काळ्या-करड्या लोकरीचे हाताने कातलेले सूत चिंचोक्याच्या खळीने ताठ करून सणगर आणि धनगर विणकर ती मागावर विणतात, आणि अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला मानणाऱ्या समाजात तिला वापरापलीकडचे पावित्र्य आहे. हाताच्या कताईमुळे तिचे सूत कुठे जाड तर कुठे बारीक असते, वीण घट्ट असूनही पृष्ठभागावर राठ केस उभे असतात, आणि काळा म्हणून जो रंग समजला जातो त्यात तपकिरी व राखी केस मिसळलेले असतात. नुसता गडद रंग देऊन वर उंचसखलपणा चढवला तर चित्रात रबराची चटई दिसते. कडांवर उभ्या केसांची झालर प्रत्यक्ष वाढवावी लागते, रंग केसागणिक थोडा बदलावा लागतो, आणि लोकर प्रकाश शोषते म्हणून चमक जवळजवळ काढून टाकावी लागते.

वाकळीपुढे मात्र ही पद्धतच थांबते. जुनी लुगडी, धोतरे आणि उरलेले तुकडे एकमेकांवर रचून, दाट धावदोऱ्याने शिवलेली वाकळ धाराशिवच्या ग्रामीण घरांत पिढ्यान्‌पिढ्या बाजेवर आणि पलंगावर अंथरली जात आली आहे. टाका जिथे बसतो तिथे कापड खोल जाते आणि दोन टाक्यांमधली जागा फुगते, त्यामुळे तिच्यावर बारीक सऱ्यांची एक जमीन तयार होते, जी धुण्यागणिक अधिक आखडत जाते. पोत-आरोपणाची सारी व्यवस्था लहान चौरस पुनःपुन्हा लावण्यावर उभी आहे, आणि वाकळीत पुन्हा येणारा चौरस नसतो. कोणत्या लुगड्याचा काठ कुठे पडला, शिवणारीचा हात कुठे वळला, यावर तिची नक्षी ठरलेली असते. म्हणून तिच्यासाठी संपूर्ण वाकळ समप्रकाशात पसरून, एकाच उंचीवरून तुकड्यातुकड्याने टिपून ते तुकडे जोडावे लागतात, टाक्यांच्या खोलीचा आलेख वेगळा करावा लागतो आणि जुन्या सुती कापडाच्या विटलेल्या रंगाला हात न लावता तो तसाच ठेवावा लागतो. इतके करून मिळालेले पोतचित्र त्या एकाच वाकळेचे असते, आणि दुसऱ्या घरच्या पलंगासाठी हे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.